पणजोबा काळ्या पाण्यावर गेले, पुढं त्यांचं काय झालं? असा काढता येतो माग

घरातली गोष्ट, गावचं दप्तर आणि सरकारी कागद यांची सांगड घातली, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वी नेलेला माणूसही सापडू शकतो

बऱ्याच गावांत असं एखादं घर असतं. वंशावळ सांगता सांगता म्हातारं माणूस एका नावापाशी थांबतं आणि म्हणतं, "हा काळ्या पाण्यावर गेला." पुढं काही नाही. बायको कुठं गेली, मुलं कुणी वाढवली, जमीन कुणाकडं आली हे थोडंफार सांगता येतं. पण त्या माणसाचं काय झालं, हे कुणालाच ठाऊक नसतं. काही घरांत तो परत येणार नाही असं धरून जिवंतपणीच त्याचं श्राद्ध घातलं गेलं. काही घरांत पिढ्यान् पिढ्या त्याचं नावच घेतलं गेलं नाही.

गावासाठी तो माणूस हरवला, पण सरकारसाठी हरवला नव्हता. शिक्षा झाल्यापासून मरेपर्यंत किंवा सुटेपर्यंत त्याचा नंबर, उंची, अंगावरच्या खुणा, काम, आजारपण, वागणूक असं सगळं कुणी ना कुणी कारकून लिहीत होता. त्यातला बराच कागद गेला, पण बराच शिल्लकही आहे. तो कुठं आहे आणि कसा वाचायचा, याची ही माहिती.

थोडक्यात

- 'काळं पाणी' म्हणजे फक्त अंदमान नव्हे. शिक्षेचं साल कळलं की ठिकाणाचा अंदाज येतो.
- नुसत्या नावावर शोधू नये. जिल्हा, साल, गुन्ह्याचं कलम आणि कैदी नंबर यांवर शोधावं.
- सुरुवात दिल्ली-मुंबईत नव्हे, घरात आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये होते.
- कागदावर 'दरोडेखोर' लिहिलं म्हणून तो तसाच होता असं नाही. आणि काळ्या पाण्यावर गेला म्हणजे क्रांतिकारकच होता, असंही नाही.

आधी साल, मग ठिकाण

घरात सांगतात, "आमचा पूर्वज १८३०-४० च्या सुमारास अंदमानला गेला." इथंच पहिली गफलत होते. इंग्रजांनी १७८९ मध्ये अंदमानात एक छोटी वसाहत केली होती, पण रोगराईमुळं ती १७९६ मध्ये मोडली. त्यानंतर तिथं कैदी नेण्याचं काम १८५८ मध्ये सुरू झालं. मधल्या काळात शिक्षा झालेला माणूस अंदमानात सापडणार नाही. त्याला दुसरीकडं नेलेलं असणार.

त्या काळात हिंदुस्थानातून कैदी ज्या ठिकाणी नेत, त्यातली मुख्य ठिकाणं अशी:

- सुमात्रा बेटावरचं बेंकुलेन: १७८७ पासून. १८२५ मध्ये तिथले कैदी पिनांग आणि सिंगापूरकडं हलवले.
- पिनांग, मलाक्का, सिंगापूर: पिनांग १७९० पासून, सिंगापूर १८२५ पासून. १८७३ पर्यंत ही व्यवस्था गुंडाळली आणि उरलेले कैदी अंदमानला पाठवले. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज चर्च हिंदुस्थानी कैद्यांच्या हातांनी बांधलेलं आहे.
- मॉरिशस: १८१५ ते १८३७. बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून मिळून सुमारे १,५०० कैदी गेले. त्यांनी तिथले रस्ते आणि पूल बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन हा शास्त्रज्ञ मॉरिशसला उतरला, तेव्हा त्यानं या कैद्यांना पाहून तसं लिहून ठेवलं आहे.
- ब्रह्मदेशाचा किनारा: अराकान आणि तेनासरीम, १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून.
- एडन: मुंबई सरकारच्या ताब्यातलं अरबस्तानच्या टोकाचं बंदर.
- अंदमान: १० मार्च १८५८ पासून. त्या दिवशी डॉ. जेम्स वॉकर हा अधिकारी २०० कैद्यांना घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला.

एडनचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ मध्ये पुण्यात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हा अंदमान सुरू होऊन वीस वर्षं झाली होती. तरी त्यांना अंदमानला न पाठवता एडनच्या तुरुंगात ठेवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथंच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा कागद कुणी फक्त अंदमानच्या दप्तरात शोधला असता तर हाती काही लागलं नसतं. सालावरून अंदाज बांधावा, पण शिक्षेचा मूळ हुकूम पाहिल्याशिवाय ठिकाण पक्कं धरू नये, हा यातला धडा.

एका माणसाची वाट: थानेसर, ठाणे, पोर्ट ब्लेअर

माग कसा लागतो हे एका माणसाच्या उदाहरणावरून चटकन कळेल. मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी हे आजच्या हरियाणातल्या कुरुक्षेत्राजवळच्या थानेसर गावचे. अर्ज-दस्त लिहून देणं हा त्यांचा धंदा, आणि गावची लंबरदारीही त्यांच्याकडं होती. लंबरदार म्हणजे साधारण आपल्याकडचा पाटील. वायव्य सरहद्दीवर इंग्रजांशी लढणाऱ्यांना पैसा आणि माणसं पुरवल्याचा आरोप त्यांच्यावर आला. डिसेंबर १८६३ मध्ये घराची झडती झाली. ते निसटले, पण पुढं अलीगढला पकडले गेले.

अंबाल्याला खटला चालला. मे १८६४ मध्ये तिघांना फाशीची शिक्षा झाली, त्यात जाफर एक. घरदार आणि जमीन जप्त झाली. पण हे कैदी फाशीला शहादत मानून आनंदानं सामोरे जात आहेत हे पाहून सरकारनं काही महिन्यांनी शिक्षा बदलली. फाशीच्या जागी जन्मठेप काळं पाणी झालं.

मग लांबचा प्रवास. अंबाल्याहून लाहोरचा तुरुंग, तिथून मुलतान, सिंधू नदीतून बोटीनं कोटरी, मग कराची, कराचीहून समुद्रमार्गे मुंबई, आणि मुंबईहून ठाण्याचा तुरुंग. पंजाब-सिंधकडून अंदमानला जाणारे कैदी त्या काळात ठाण्याच्या तुरुंगात गोळा करून ठेवत. जहाज सुटायची वेळ आली की त्यांना मुंबई बंदरावर नेत. आपल्या ठाण्याच्या त्याच तुरुंगात थांबून जाफर पुढं गेले आणि ११ जानेवारी १८६६ रोजी पोर्ट ब्लेअरला उतरले.

लिहिता-वाचता येत असल्यामुळं त्यांच्या वाट्याला जंगलतोड आली नाही. रॉस बेटावरच्या सरकारी कचेरीत ते मुन्शी झाले. इंग्रजी शिकले, साहेब लोकांना उर्दू शिकवू लागले. अंदमानातच त्यांनी दुसरा संसार मांडला. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा तिथं खून झाला, तेव्हाही ते तिथंच होते. १८८३ मध्ये सुटका झाली आणि बायको-मुलांना घेऊन ते परतले. १९०५ मध्ये त्यांचं निधन झालं. कैदेची सगळी हकीकत त्यांनी उर्दूत लिहून ठेवली. ते पुस्तक 'काला पानी' या नावानं ओळखलं जातं.

जाफर यांची कहाणी आज इतकी तपशीलवार माहीत आहे, याचं कारण त्यांच्या हाती लेखणी होती. त्यांच्यासोबत त्याच तुरुंगात बसलेल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. कुणी शेतकरी, कुणी शिपाई, कुणी डोंगरातला माणूस. पण तेही त्याच वाटेनं गेले, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी त्यांच्याही नावाचा कागद झाला. शोधायचे आहेत ते हेच कागद.

कोणत्या मुक्कामी कोणता कागद?

१. अटक आणि खटला. पोलिसांचा अहवाल, साक्षी, सेशन कोर्टाचा निकाल. मुंबई इलाख्यात १८६२ च्या आधी मोठ्या शिक्षा सदर फौजदारी अदालतीकडं मंजुरीला जात. १८६२ मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं आणि ते काम तिकडं गेलं. माणसाची स्वतःची जबानी सापडलीच तर ती इथंच सापडते. ती मूळची मराठीत, पण कागदावर बहुधा इंग्रजीत उतरवलेली असते.

२. जमीन-जप्ती. सरकारविरुद्ध उठावाच्या गुन्ह्यात मालमत्ता जप्त होई. मग त्याची नोंद महसुली दप्तरात उतरे.

३. तुरुंग आणि जहाज. जहाजावर चढवताना कैद्यांची यादी होई. त्यात नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षेची तारीख आणि शिक्षा देणारं ठिकाण असे रकाने असत. माग काढणाऱ्यासाठी ही यादी म्हणजे सोनं. "उजव्या भुवईवर जखमेचा व्रण" असला तपशील घरातल्या गोष्टीशी जुळला की माणूस पक्का होतो.

४. पोहोचल्यावर. नवा नंबर मिळे. अंदमानात कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेचं साल लिहिलेलं असे. वि. दा. सावरकर ४ जुलै १९११ रोजी पोर्ट ब्लेअरला पोहोचले. त्यांचा नंबर होता ३२७७८ आणि सुटकेचं साल होतं १९६०. 'माझी जन्मठेप' या त्यांच्या पुस्तकात या बिल्ल्याची, तिथल्या कामाची आणि टिंडाल, जमादार, पेटी ऑफिसर या कैद्यांतूनच नेमलेल्या मुकादमांची हकीकत वाचायला मिळते.

५. वसाहतीत असताना. कामाचा वर्ग, शिक्षा, बढती, लग्नाची परवानगी, शेतीसाठी मिळालेली जमीन, दयेचा अर्ज.

६. शेवट. मृत्यू, फाशी, पलायन किंवा सुटका. चारपैकी एक नोंद होणारच.

नावानं शोधाल तर हुकाल

आज आपण आडनावानं माणूस ओळखतो. त्या काळच्या सरकारी कागदात आडनाव क्वचितच येतं. मुंबई इलाख्यातल्या कागदात माणूस 'रामा बिन धोंडी' असा सापडतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. कुठं 'वलद' असंही लिहितात. म्हणून घरातल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गाव या तिन्ही गोष्टी जोडीनं हव्यात. 'रामा बिन धोंडी' जिल्ह्यात पन्नास असतील, पण त्याच सालात, त्याच तालुक्यातून, त्याच कलमाखाली शिक्षा झालेला एकच असेल.

दुसरी अडचण स्पेलिंगची. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. जुन्या इंग्रजी कागदात पुणे 'पूना' आहे, ठाणे 'टान्ना', सातारा 'सत्तारा', अहमदनगर 'अहमदनुग्गर', तर खानदेश 'कँडीश'. गावांच्या नावांची तर वाटच लागलेली असते. मोठ्यानं वाचून पाहिलं की बऱ्याचदा खरं नाव कळतं.

जिल्ह्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत. एकेकाळी कलादगी नावाचा जिल्हा होता. आज तो भाग कर्नाटकात, विजयपूर-बागलकोटकडं आहे. पूर्ण खानदेश एकच जिल्हा होता. त्यामुळं आज गाव ज्या जिल्ह्यात आहे त्यावर न थांबता शिक्षेच्या साली ते कुठं होतं, ते आधी पाहावं.

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली. त्यानंतरच्या कागदावर कलमाचा आकडा येतो आणि शोधणं बरंच सोपं होतं. खुनाचं ३०२ सगळ्यांना माहीत आहे. ३९५ म्हणजे दरोडा, ३९६ म्हणजे दरोड्यात खून, १२१ म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध.

सुरुवात गावातच

अलीकडं कुणबी नोंदींच्या निमित्तानं गावोगावचं जुनं दप्तर बाहेर निघालं. कोतवाल बुक काय असतं, मोडी वाचणारा माणूस कुठं भेटतो, हे आता खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक झालं आहे. काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाचा मागही याच कागदांतून सुरू होतो.

- घरातली गोष्ट लिहून काढा. सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करा. कोणत्या सणाला नेलं, कोणता दुष्काळ होता, कुणाचं लग्न झालं होतं, असल्या खुणांवरून साल काढता येतं. एकाच घरात दोन भावकींकडं दोन वेगळ्या गोष्टी असतात. दोन्ही लिहून ठेवाव्यात.
- कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद यात असते. काळ्या पाण्यावर गेलेल्याचा मृत्यू इथं नसतो, पण त्याच्या मुलाचा जन्म आणि बापाचा मृत्यू असू शकतो. त्यावरून वय बसवता येतं.
- फेरफार आणि जुने सातबारे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतरची शिक्षा असेल तर फेरफारात खूण मिळू शकते. खातेदार जिवंत असताना जमीन अचानक भावाच्या किंवा सावकाराच्या नावावर का गेली? तो फेरफार पूर्ण वाचावा. अनेक जिल्ह्यांचं जुनं दप्तर सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलं आहे.
- त्याआधीचा काळ असेल तर तहसीलची रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेख कार्यालय. यातलं बरंच मोडीत आहे.
- वह्या. नाशिक-त्र्यंबक आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडं घराण्यांच्या वह्या असतात. कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी घराण्याची नावं सांगतात. माणूस गेल्यानंतर घरचे तीर्थाला कधी गेले आणि त्याचं नाव जिवंतांत सांगितलं की मेलेल्यांत, यावरून बरंच कळतं.

एवढं करून माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, अंदाजे साल आणि अंदाजे गुन्हा हाती आला, तरच पुढच्या पायरीला अर्थ आहे.

मोठं दप्तर कुठं आहे?

मुंबई. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार काळा घोडा भागात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मुंबई सरकारच्या न्याय खात्याचे जुने खंड इथं आहेत. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशातल्या माणसाचा शोध इथं घ्यावा. पुणे आणि कोल्हापूरलाही पुराभिलेखागार आहे.

नागपूर. विदर्भाचा मोठा भाग मध्य प्रांतात होता. तिकडच्या माणसासाठी आधी नागपूरचं पुराभिलेखागार पाहावं.

हैदराबाद. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथला कागद छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात आणि हैदराबादच्या तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात शोधावा. निजामाच्या राज्यातूनही माणसं अंदमानला गेली. १८५७ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेले मौलवी अलाउद्दीन त्यांपैकीच एक.

दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे कागद आहेत. अंदमान मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ जपान्यांच्या ताब्यात होतं आणि त्या काळात तिथलं पुष्कळ दप्तर गेलं. म्हणून अंदमानहून दिल्लीला वेळोवेळी पाठवलेले अहवाल आज मोलाचे आहेत. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर यातल्या अनेक फायलींची यादी मोबाइलवरूनही शोधता येते. काही फायली तिथंच वाचता येतात.

परदेश. मुंबई सरकारच्या कागदांच्या नकला लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मॉरिशसला गेलेल्यांची रजिस्टरं मॉरिशसच्या अभिलेखागारात आहेत. ब्रिटिश इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी अशाच रजिस्टरांतून सामान्य कैद्यांची आयुष्यं जुळवून दाखवली आहेत. नावाजलेला नसलेला माणूसही कागदातून उभा करता येतो, हे त्यांच्या कामातून दिसतं.

अंदमानात पुढं काय झालं असेल?

कागद सापडेपर्यंत निदान शक्यता माहीत असाव्यात.

पहिल्या काळात गेला असेल तर जगण्याची आशा कमी होती. १८५८ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ७७३ कैद्यांपैकी ६४ दवाखान्यात मेले आणि १४० पळाले ते सापडलेच नाहीत. पळून जाताना पकडलेल्या ८० हून जास्त जणांना वॉकरनं फाशी दिली. पळालेल्यांना वाटे की बेटाच्या पलीकडून ब्रह्मदेशाला पायवाट असेल. पण चारी बाजूंनी समुद्रच होता, आणि जंगलातले आदिवासी आपल्या भूमीत शिरणाऱ्याला सोडत नव्हते. त्यातूनही दूधनाथ तिवारी हा १४ व्या पलटणीचा शिपाई वाचला. वर्षभर तो अंदमानी लोकांत राहिला. मे १८५९ मध्ये ते वसाहतीवर चालून येणार होते, तेव्हा त्यानं परत येऊन सरकारला खबर दिली. १८६० मध्ये त्याला माफी मिळाली.

पुढच्या काळात पायऱ्या ठरल्या. सेल्युलर जेलचं काम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये पुरं झालं. त्या व्यवस्थेत नव्या कैद्याला सहा महिने एकांत कोठडी, मग दीड वर्ष इतर कैद्यांसोबत तुरुंग, मग तीन वर्षं बिनपगारी मजुरी, त्यानंतर पाच वर्षं थोड्या सवलतीची मजुरी. अशी दहा वर्षं नीट काढली तर 'तिकीट' मिळे. तिकीट मिळालेला कैदी स्वतःची शेती किंवा धंदा करू शके, घर करू शके. स्त्री कैद्यांना पाच वर्षांनंतर लग्नाची परवानगी मिळे. वीस-पंचवीस वर्षांनी सुटकेचा विचार होई. राजकीय कैद्यांना मात्र यातल्या सवलती सहजासहजी मिळत नव्हत्या.

म्हणजे पणजोबा तिथं मेलेच असतील असं नाही. जाफर यांच्यासारखा दुसरा संसारही झाला असेल. अशा संसारांतून जन्मलेल्यांना अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणतात. कुणाचा बाप पंजाबचा, आई बंगालची. कुणाचा बाप दक्षिणेचा, आई अवधची. घरात बोलायला हिंदुस्थानी आणि जातीची बंधनं सैल, अशी त्यांची रीत पडली. १९२१ च्या मोपला उठावानंतर केरळातून आलेल्यांनी तिथं वसवलेल्या गावांना मंजेरी, कालिकत, मलप्पुरम अशी माहेरचीच नावं दिली.

कागद सरकारचा, गोष्ट घरची

माग काढताना दोन्हीकडं घसरायला होतं. घराला वाटतं, काळ्या पाण्यावर गेला म्हणजे इंग्रजांशी लढलाच असणार. तसं नसतं. बांधावरच्या भांडणात खून केलेले, चोरी-दरोडा केलेले, खोटी नाणी पाडलेले असे अनेक कैदी तिथं होते. निकालपत्र वाचून तसं निघालं, तर ते तसंच स्वीकारावं. उगाच त्याला हुतात्मा करून फलक लावू नये.

पण कागदावर 'दरोडेखोर' लिहिलं म्हणून मान खाली घालायचीही घाई नको. वासुदेव बळवंतांच्या माणसांनाही सरकारनं दरोडेखोरच म्हटलं होतं. १८७१ च्या कायद्यानं तर अख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. दरोडा कुणाच्या घरावर घातला? नेलं काय, दागिने की कर्जाचे कागद? जंगल बंदीनंतरची गोष्ट आहे की सावकारानं जमीन लाटल्यानंतरची? निकालपत्रात या प्रश्नांची उत्तरं असतात. ती वाचल्याशिवाय माणसाला नाव ठेवू नये.

'काळ्या पाण्याची शिक्षा' स्वतंत्र भारताच्या कायद्यातूनही लगेच गेली नव्हती. १९५५ च्या दुरुस्तीनं ते शब्द काढले आणि १ जानेवारी १९५६ पासून त्या जागी 'जन्मठेप' आली. त्याआधीच्या जुन्या निकालात 'जन्मठेप काळे पाणी' दिसलं, तर माणूस खरोखर समुद्रापार गेला होता की इथल्याच तुरुंगात राहिला, हे वेगळं तपासावं लागतं. विशेषतः १९४५ नंतरचा निकाल असेल तर अंदमानची कैदी वसाहत तेव्हा बंदच झाली होती.

दोरीची दोन टोकं

जाफर सुटून परत आले, कारण त्यांना आपलं गाव, बापाचं नाव, मागं राहिलेली माणसं सगळं सांगता येत होतं आणि लिहिताही येत होतं. ज्यांना लिहिता आलं नाही, त्यांच्या नातवंडांकडं पोर्ट ब्लेअरमध्ये आज कधी कधी एवढंच उरलेलं असतं: आजोबा बम्बईकडचे होते. गावाचं नाव साहेबानं चुकीचं लिहिलं, ते पुढं कुणाला दुरुस्त करता आलं नाही.

त्या चुकलेल्या नावाचं खरं नाव सांगू शकेल असा माणूस आता एकाच ठिकाणी सापडू शकतो, इथल्या गावात. दप्तरातला कागद अजून काही वर्षं टिकेल. पण ओसरीवर बसून "हा काळ्या पाण्यावर गेला" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट यंदाच लिहून घ्यायला हवी.